ओव्हनची झिणझिणी हे लक्षण समजा

आरे-वारेचे नाव राज्यभरच्या बातम्यांत येते, ते बहुधा समुद्रात कोणी बुडाल्यावर. जुलै २०२५ मध्ये इथे चौघे बुडाले, तेव्हा सूचनाफलक आणि जीवरक्षक यांची पुन्हा चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण या किनाऱ्यामागच्या वाड्यांत एक दुसरा धोका घरात शिरतो आहे आणि त्याच्यासाठी कुठेही लाल झेंडा लावलेला नाही.

रत्नागिरी ते गणपतीपुळे या सागरी मार्गावर पर्यटक वाढले, तशी घराघरांत पाहुण्यांची सोय सुरू झाली. दोन खोल्या वाढल्या, गीझर आले, एसी आले. सकाळच्या न्याहारीला घरचा केक नि बिस्किटे देता यावीत म्हणून ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह आला. वायरिंग मात्र बऱ्याच ठिकाणी दोन पंखे आणि चार दिवे होते त्या काळातले आहे. मग पावसाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "ओव्हनला हात लावला की जरा झिणझिणतं, पण चालतो चांगला."

डॉक्टर म्हणून मला या 'जरा'ची भीती वाटते. शरीरातून एक मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, एवढा प्रवाह गेला की झिणझिणी जाणवते. तो दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे श्वास अडखळू लागतो. पन्नास ते शंभरच्या दरम्यान हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते, म्हणजे रक्त पुढे ढकलले जात नाही. झिणझिणी आणि मृत्यू यांत अंतर एवढेच आहे आणि ते कातडीच्या कोरडेपणावर अवलंबून असते. कोरडी कातडी प्रवाहाला चांगला विरोध करते. हात ओले, पाय अनवाणी आणि खाली ओली फरशी असेल, तर शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, २३० मिलिअँपिअर होतात. काल जो ओव्हन झिणझिणला, तोच आज जीव घेऊ शकतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे" हे उत्तर लगेच मिळते. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी १६ हजार मिलिअँपिअरपर्यंत शांत बसतो. माणसाला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो.

दुसरे उत्तर, "अर्थिंग केलंय." इथे कोकणची जमीन आडवी येते. जांभा दगड आणि मुरूम विजेला सहज वाट देत नाहीत, उन्हाळ्यात कोरडे पडल्यावर तर नाहीच. खाऱ्या हवेने अर्थिंगची तार आणि तिचे जोड गंजतात. समजा घराच्या अर्थिंगचा विरोध ३० ओहम आहे आणि ओव्हनच्या धातूच्या अंगाला फेज लागली. जमिनीत साडेसात अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि ओव्हनचे अंग जिवंत तारेसारखे राहील. म्हणजे अर्थिंगही आहे, एमसीबीही आहे आणि तरी संरक्षण नाही.

ही उणीव भरून काढते आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह हे साधन सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की सेकंदाच्या काही भागात वीज तोडते. त्यामुळे जमीन कोरडी असली तरी ते काम करते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही गळतीपासून संरक्षण देणाऱ्या साधनाची तरतूद आहे. तरीही गावाकडच्या कित्येक घरांत ते दिसत नाही. काही ठिकाणी ते बसवलेले असते, पण सारखे पडते म्हणून वायरमनकडून बाजूला काढून ठेवलेले असते. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखेच हे झाले.

ते का पडते, हे शोधता येते. ओव्हनच्या तापणाऱ्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीचे टोक किंवा आवरण खराब झाले आणि ओव्हन पावसाळाभर पडून राहिला, की ही पूड दमट होते आणि प्रवाह गळू लागतो. अशा वेळी सगळे प्लग काढावेत, आरसीसीबी चालू करावा आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याच्यापाशी तो पडेल, ते उपकरण बाजूला ठेवून जाणकाराकडून मेगरने तपासून घ्यावे. एकही उपकरण लावलेले नसताना पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

झिणझिणीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हृदयविकारात दुखणे कधी डाव्या हातात उमटते, तसाच विजेचा दोषही कधी दुसरीकडे दिसतो. अर्थिंगची मुख्य तार तुटली, तर गीझरमधली गळती त्याच तारेवरून ओव्हनच्या अंगावर येऊ शकते. ओव्हन दुरुस्त करून आणला आणि झिणझिणी गेली नाही, तर घराचे अर्थिंग तपासायला हवे.

बाकीच्या तक्रारी तीन गटांत बसतात. ओव्हन मुळीच तापत नसेल, तर त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहा. ओटीजीचा टायमर फिरवल्याशिवाय नळ्या तापत नाहीत, हेही अनेकदा लक्षात राहत नाही. एकच बाजू तापत असेल, तर आधी वरची-खालची नळी निवडण्याचे बटण पाहा, मग नळी जळाल्याचा संशय घ्या. तापतच राहत असेल, बंद होत नसेल, तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले असावेत. अशा वेळी लगेच भिंतीवरचे बटण बंद करा. जळका वास, ठिणगी, प्लग काळा पडणे, झिणझिणी, यांतले काहीही दिसले तर घरगुती खटपट तिथेच थांबवा.

दोन हजार वॅटचा ओटीजी जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला सहा अँपिअरचे सॉकेट किंवा साधा एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. तिसरी पिन काढून टाकणे म्हणजे अर्थिंग तोडणेच. एमसीबी पडतो म्हणून त्याच वायरवर मोठा एमसीबी बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पुसण्याआधी नुसता नॉब बंद करून भागत नाही, प्लग काढा. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर बंद ओव्हनच्या आतही वीज असते. मायक्रोवेव्ह तर घरी उघडूच नये. त्याच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही प्राणघातक दाब धरून ठेवू शकतो.

देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरण पावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. तरी या मृत्यूंकडे आपण 'दुर्दैव' म्हणून पाहतो. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्यानंतर घराचा भार तिप्पट झाला, घराचे निवास झाले, तरी वायरिंगकडे क्वचितच कोणी पाहते. पाहुण्यांसाठी खोल्या देणाऱ्या घरांकडून दरवर्षी पावसाळ्याआधी अर्थिंग आणि आरसीसीबीचा तपासणी अहवाल मागणे ग्रामपंचायत, पर्यटन खाते आणि महावितरण यांना मिळून अवघड नाही. खर्च घरमालकालाही पेलणारा आहे. एका पाहुण्याच्या किंवा घरच्या सुनेच्या जिवापुढे तो काहीच नाही.

धक्का बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. तोवर माणसाला हात लावू नका. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. आरे-वारेपासून रत्नागिरी सुमारे दहा किलोमीटरवर आहे, पण थांबलेल्या हृदयाला तेवढी मिनिटेही नसतात. अंग चोळण्यात किंवा पाणी पाजण्यात ती घालवू नका. शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल, भाजल्याची खूण असेल, लघवी काळपट होत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर वरून बरे वाटले तरी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. विजेची जखम कातडीवर लहान आणि आत मोठी असते.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर साधन जागे आहे. नाही गेली, तर वायरमनला आजच बोलवा आणि तो येईपर्यंत ओव्हन बंद ठेवा.