भाबड्या वाचकाची तक्रार

वर्गात इझरचा 'अभिप्रेत वाचक' तन्मयतेने शिकवणारे आमचे समीक्षक रहस्यकादंबरीच्या प्रत्यक्ष वाचकाचे मत मात्र 'भाबडे' म्हणून झटकून टाकतात. पॅट्रिशिआ कॉर्नवेल यांच्या न्यायवैद्यक कादंबरीमालेचे उदाहरण घ्यावे. 'पोस्टमॉर्टेम' (१९९०) या पहिल्या कादंबरीपासून शवचिकित्सक के स्कार्पेटा हीच निवेदक होती. 'ब्लो फ्लाय'मध्ये (२००३) लेखिकेने तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले. शिवाय 'पॉइंट ऑफ ओरिजिन'मध्ये (१९९८) मृत ठरलेल्या बेंटन वेस्लीला जिवंत केले. वाचक रुष्ट झाले. ही रुष्टता निव्वळ सवयीपोटी होती, असे म्हणणे हा आळस आहे. शवाचे सत्य स्कार्पेटाच्या हातांनी, तिच्याच ज्ञानाच्या मर्यादेत उलगडत असे. निवेदक खुन्याच्याही मनात शिरू लागला की शवचिकित्सेला ज्ञानसाधन म्हणून काम ते काय उरते? वेस्लीचे पुनरागमन तर अधिकच घातक. मृतदेह हेच जिथे अंतिम प्रमाण, तिथे मृत्यूच खोटा ठरला! 'हे पटत नाही' एवढेच वाचक म्हणाला, कारण त्याच्यापाशी आमची परिभाषा नव्हती. रूपबंधाचे भान मात्र होते. कारण काहीही असो, 'पोर्ट मॉर्च्युअरी'मध्ये (२०१०) लेखिका प्रथमपुरुषी निवेदनाकडे परतली.