बँकेचं खातं बंद करताना

मैत्रिणींनो, बँकेत खातं उघडायला गेलात तेव्हाचा थाट आठवतो का? खुर्ची पुढे येते, पाण्याचा ग्लास येतो, फॉर्मसुद्धा तिथली मुलगीच भरून देते. आपण फक्त खुणा केलेल्या जागी सह्या करायच्या. आता तेच खातं बंद करायचंय म्हणून सांगा बरं! साहेब जेवायला गेलेले असतात, सिस्टिम बंद असते, फॉर्म संपलेले असतात. येताना पायघड्या आणि जाताना पायात काटे.

आपल्यापैकी बहुतेकींची दोन-तीन खाती तरी असतातच. एक कॉलेजात असताना माहेरच्या नावाने उघडलेलं, एक पगारासाठी, एक 'ह्यां'च्याबरोबर जोडीने आणि एखादं गृहकर्ज घेताना गळ्यात पडलेलं. त्यातल्या एखाद्याला किमान शिलकीची अट असते. तिथे हजारो रुपये नुसते बसवून ठेवायचे आणि शिल्लक खाली गेली की वर दंड भरायचा. फळीवर चार डबे रिकामे अडवून ठेवावेत आणि डाळ मात्र पिशवीतच राहावी, तसंच झालं की हे.

माझं असंच एक खातं घाटकोपरला होतं, एका मोठ्या बँकेत. कॉलेजात असताना आईने उघडून दिलेलं. भाऊबीजेचे, शिकवण्यांचे पैसे मी त्यात टाकत आले. बँकेने किमान शिलकीची रक्कम वाढवली तेव्हा ठरवलं, की हे बंद करून पैसे शाळेच्या पगाराच्या खात्यात घ्यायचे. तेवीस हजारांच्या आसपास होते. लाखो नव्हते, पण माझे होते.

आधी मुलुंडच्याच शाखेत गेले. "जिथे उघडलंत तिथेच जा," असं उत्तर मिळालं. मग शाळा सुटल्यावर लोकलने घाटकोपर गाठलं. तिथे कळलं, की खात्यावर नाव माहेरचं आणि आधार कार्डावर सासरचं, तेव्हा लग्नाचा दाखला आणा. मुद्दा रास्त होता. पुढच्या खेपेला दाखला नेला, तर सही पाहणारे साहेब रजेवर. दुसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांनी आधी क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह केला, मग विम्याची योजना समजावली आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या ना, लवकर होईल."

खातं माझ्या एकटीच्या नावाचं. आमच्या घरी त्याबद्दल कोणाची काही तक्रारही नव्हती. मी शांतपणे म्हटलं, "मिस्टरांची सही लागते असा नियम असेल, तर तेवढं मला लेखी द्या." लेखी काही मिळालं नाही. मिळाला तो खातं बंद करण्याचा फॉर्म, जो आदल्या खेपेला संपलेला होता! चौथ्या खेपेला काम झालं आणि पैसे व्याजासकट माझ्या दुसऱ्या खात्यात आले.

टेबलापलीकडची माणसं वाईट असतात असं नाही हं. बचत खात्यातला पैसा बँकेला बराच स्वस्त पडतो. 2025 साली तर बऱ्याच मोठ्या बँकांनी बचत खात्यावरचं व्याज अडीच टक्क्यांवर आणलं. कर्ज घेतो तेव्हा आपण किती भरतो, ते प्रत्येकीला ठाऊक आहेच. नवी खाती उघडा म्हणून शाखेच्या मागे तगादा असतो, जुनं नीट बंद करून दिल्याबद्दल मात्र कोणी शाबासकी देत नाही. म्हणून खेपा वाढतात. आणि खेपा वाढल्या की स्वयंपाक, शाळा, मुलांचे क्लास सांभाळणारी बाई "जाऊ दे, पडून राहू दे" म्हणते. ते "जाऊ दे" आपल्यालाच महाग पडतं.

तेव्हा घर बदलताना जसं आधी दूधवाल्याला, पेपरवाल्याला सांगतो, तसं खातं बंद करण्याआधी थोडं आवरून घ्यावं.

पहिलं काम, या खात्यातून काय काय जातं आणि त्यात काय काय येतं ते लिहून काढा. गॅसचं बिल, विजेचं बिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची मासिक रक्कम. हे सगळं नव्या खात्याला जोडा आणि एक महिना सुरळीत जाऊ द्या. 2024 साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेसारखे सरकारी पैसे येत असतील, तर ते आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. म्हणून आधी नव्या बँकेत आधार जोडून घ्या, तिथे एक हप्ता येऊ द्या आणि मगच जुनं खातं बंद करा. मोबाइलवरून पैसे देत असाल तर तिथलंही जुनं खातं काढून टाका.

दुसरं, कोणाला पुढच्या तारखेचे चेक दिले आहेत का ते आठवा. सोसायटी, क्लास, भिशी, कुठेही. ते परत घ्या किंवा वटू द्या. 'खातं बंद' या शेऱ्याने परत आलेला चेकही चेक न वटल्याच्या गुन्ह्यात येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 सालीच सांगितलं आहे.

तिसरं, कागद. पासबुक भरून घ्या आणि त्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, प्राप्तिकराच्या वेळी लागते. उरलेले कोरे चेक मोजून त्यांचे नंबर अर्जात लिहा. आधार, पॅन आणि नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. जुनी सही घरी दोन-तीनदा करून पाहा, वीस वर्षांत हात बदलतो. खातं जोडीचं असेल तर दोघांच्याही सह्या मागतात. ते 'दोघांपैकी कोणीही एक' या पद्धतीचं असलं तरी पैसे काढायला एक सही पुरते, बंद करताना बहुधा नाही.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अर्जाच्या दोन प्रती. एक बँकेला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती आपल्या फायलीत. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये! डेबिट कार्ड त्यांच्यासमोरच कात्रीने कापा. काम झाल्यावर खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या.

खातं उघडून वर्षही झालं नसेल, तर काही बँका बंद करण्याचं शुल्क घेतात. दरपत्रकात ते छापलेलं असतं, दाखवा म्हणावं. नुसत्या किमान शिलकीचाच त्रास असेल, तर बंद करण्याआधी एक चौकशी जरूर करा. स्टेट बँकेने बचत खात्यांवरची ही अट मार्च 2020 मध्ये काढली, 2025 साली आणखी काही सरकारी बँकांनीही काढली. शिवाय शून्य शिलकीचं साधं बचत खातं प्रत्येक बँकेत मिळतं, ते मागावं लागतं इतकंच. आणि दंड कितीही लागला तरी त्यापायी बचत खात्याची शिल्लक शून्याच्या खाली नेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. "आधी उणे शिल्लक भरा, मग बंद करू," असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

आता तुम्ही म्हणाल, आमचं खातं तर कधीपासून पडूनच आहे, त्याचं काय? दोन वर्षं आपण काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. 1 एप्रिल 2024 पासून अशा खात्याला किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. त्यासाठीची कागदपत्रं बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतात, बोरिवलीच्या बाईला त्यासाठी गिरगाव गाठायला नको. दहा वर्षं उलटली तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, पण बुडत नाहीत. आपण किंवा आपल्या वारसांनी त्याच बँकेकडे मागितले की मिळतात. असे पैसे शोधायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये 'उद्गम' नावाची सोय इंटरनेटवर केली आहे. तिथे शोधताना सासरच्या नावाने शोधाच, पण माहेरच्या नावानेही शोधायला विसरू नका.

कपाटात एखादं पासबुक असं निघेल, की ती बँकच आता नाही. घाबरू नका. आपल्या उपनगरांत घरोघरी माहीत असलेली देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तिथे चौकशी करा. 2013 साली खास बायकांसाठी म्हणून मुंबईत सुरू झालेली भारतीय महिला बँक 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली. पाटी बदलली तरी पैसे आपलेच राहतात.

एवढं करूनही बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार द्या, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि तीस दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. साध्या मराठीत, तारखा घालून, कोण काय म्हणालं ते लिहायचं. घरखर्चाच्या वहीत रोजचा हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

या रविवारी दुपारी घरातली सगळी पासबुकं एकदा काढा. कुठलं ठेवायचं, कुठलं बंद करायचं, ते स्वतः ठरवा आणि ठेवाल त्यावर वारसाचं नाव घातलंय का तेही पाहा. 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात. त्याबद्दल मात्र पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू.