मनी माय बिमार शे

परवा नातवाने माझा एक इंग्रजी उच्चार सुधारला. सगळे हसले, मीही हसले. पण रात्री मला धुळ्याजवळच्या गावातला माझा एक विद्यार्थी आठवला.

साल 1974. माझं माहेर सातारचं, सासर धुळ्याचं, आणि शिक्षिकेची नोकरी नवी. दोन दिवस गैरहजर राहिलेल्या त्या मुलाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, "बाई, मनी माय बिमार शे." मी त्याच्याकडून वर्गासमोर तीनदा 'माझी आई आजारी आहे' असं म्हणवून घेतलं. तिला काय झालंय, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. त्यानंतर तो वर्गात फारसा बोललाच नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्गात मी बहिणाबाईंची कविता तल्लीन होऊन शिकवत असे! त्यांची लेवा बोली आणि या पोराची अहिराणी म्हणजे सख्ख्या शेजारणी. पुस्तकात छापली की कविता, पोराच्या तोंडी आली की अशुद्ध. असा आमचा न्याय.

26 जानेवारी 2010 ला अंदमानात बोआ सीनियर नावाच्या वृद्धा वारल्या आणि 'बो' ही भाषा त्यांच्याबरोबर संपली. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. त्या भाषेत बोलायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून बोआ पक्ष्यांशी बोलत, असं अब्बींनी सांगितलंय. वाचून अंगावर काटा आला.

अहिराणीचं तसं झालेलं नाही. ती ज्या खानदेशीत मोजली जाते, ती बोलणारे 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून जास्त होते. पण मला आकड्याचा भरवसा वाटत नाही. घरात आजी अहिराणीत विचारते आणि नातू प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो, हे मी आमच्याच घरात बघते. इंग्रजी मराठीला गिळतेय म्हणून आपण गळा काढतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढेही वाटले. पण मराठीच्या नावाखाली आम्ही मास्तर लोकांनी काय केलं? प्रमाण भाषा शिकवावी, जरूर शिकवावी. पण पहिली-दुसरीत तरी मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्यावं आणि बाईंनी ते समजून घ्यावं. त्यासाठी बाईंना ती बोली थोडीफार आली पाहिजे, ही खरी अडचण आहे.

असो. धुळ्या-नंदुरबारकडच्या भाचरांनो, घरी पोरांशी अहिराणीत बोला. मला फोन कराल तेव्हा माझ्याशीही. मला नीट बोलता येत नाही, पण कळतं सगळं.