सांधणारी क्रियापदे

मुलांच्या इंग्रजीच्या अभ्यासाची वेळ झाली की पुष्कळ घरांतील आईबाप हळूच अंग काढून घेतात. ‘आमचे शिक्षण मराठीत झाले, हे आम्हांस कोठून कळणार?’ असे ते म्हणतात. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे असो, तक्रार सारखीच. आम्हांस ती मान्य नाही. इंग्रजी व्याकरणातील काही गाठी अशा आहेत की, त्या सोडविण्याच्या कामी मराठीच अधिक उपयोगी पडते. ‘लिंकिंग व्हर्ब’ ही त्यांपैकीच एक.

क्रियापद म्हटले की काहीतरी क्रिया घडलीच पाहिजे, अशी आपली समजूत असते. ‘मुलगा धावतो’, ‘आई भाकरी थापते’ यांत ती घडते. पण ‘मुलगा आजारी आहे’ या वाक्यात मुलगा काय करतो? काहीच नाही. येथे ‘आहे’ हा शब्द ‘मुलगा’ आणि ‘आजारी’ यांना सांधण्याचे काम करतो. लॅटिनमध्ये बंधनास वा दुव्यास ‘कोप्युला’ म्हणतात आणि व्याकरणकारांनी या क्रियापदास तेच नाव दिले आहे. इंग्रजीत हे काम मुख्यत्वे ‘बी’ हे क्रियापद करते. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग आणि बीन ही त्याची आठ रूपे.

एकाच क्रियापदाची रूपे एकमेकांहून इतकी निराळी कशी, असे मूल विचारील. त्याचे उत्तर मनोरंजक आहे. ही रूपे मुळात निरनिराळ्या धातूंची. ‘ॲम’ आणि ‘इज’ ही संस्कृतातील ‘अस्’ धातूची भावंडे. ‘अस्मि’, ‘अस्ति’ शेजारी ठेवून पाहावे. ‘बी’ हे ‘भू’ धातूचे नातलग आणि आपले ‘होणे’ही त्याच ‘भू’पासून आलेले. ‘वॉज’चे नाते ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूशी. ‘वसणे’ व ‘वस्ती’ हे आपले शब्द त्याच कुळातले. सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले होते. पुढे त्या कुळात इंग्रजी आणि मराठी या दोहोंचीही गणना झाली. तेव्हा इंग्रजी ही आपणांस अगदीच परकी नव्हे.

आता खरी अडचण पाहू. ‘बी’खेरीज लुक, फील, टेस्ट, स्मेल, साउंड, सीम, बिकम, टर्न, ग्रो, रिमेन इत्यादी क्रियापदेही सांधण्याचे काम करतात. पण त्यांतील कित्येक दोन वेषांत वावरतात. कधी ती सांधतात, तर कधी खरोखरीची क्रिया दाखवितात. मुलांचा गोंधळ होतो तो येथेच आणि येथेच मराठी मदतीस धावते. कारण इंग्रजी जेथे एकच शब्द वापरते, तेथे मराठीत बहुधा दोन असतात. ‘लुक’ म्हणजे दिसणे, तसेच पाहणेही. ‘टेस्ट’ म्हणजे लागणे, तसेच चाखणेही. ‘स्मेल’ म्हणजे वास येणे आणि वास घेणे. ‘फील’ म्हणजे वाटणे आणि चाचपून पाहणे. ‘टर्न’ म्हणजे होणे किंवा पडणे आणि वळणे. मुलाला वाक्याचा मराठीत अर्थ सांगण्यास लावावे. दिसणे, लागणे, वाटणे, होणे असे आले तर क्रियापद सांधणारे. पाहणे, चाखणे, चाचपणे, वळणे असे आले तर ते क्रियेचे. ‘द डॉक्टर लुक्ड टायर्ड’ म्हणजे डॉक्टर थकलेले दिसले. ‘द डॉक्टर लुक्ड ॲट द चाइल्ड’ म्हणजे डॉक्टरांनी मुलाकडे पाहिले. ‘द लीव्ज टर्न्ड यलो’ म्हणजे पाने पिवळी पडली. ‘द बस टर्न्ड लेफ्ट’ म्हणजे बस डावीकडे वळली.

या भेदाचे फळ असे की, सांधणाऱ्या क्रियापदापुढे विशेषण येते, क्रियाविशेषण नव्हे. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ हे बरोबर, ‘स्वीटली’ चूक. कारण गोडपणा आंब्याचा आहे, चाखण्याचा नव्हे. शंका आली तर त्या जागी ‘इज’ घालून पाहावे. ‘द मँगो इज स्वीट’ हे वाक्य उभे राहते. म्हणजे क्रियापद सांधणारे. ‘शी इज कुकिंग’ यातील ‘इज’ मात्र सांधणारे नव्हे. तेथे ते ‘कुक’ या मुख्य क्रियापदाचे केवळ साहाय्यक आहे.

मराठीच्या सवयीमुळे घडणाऱ्या दोन चुकाही ध्यानी ठेवाव्यात. ‘माझे नाव जोसेफ’ हे मराठीत पुरे वाक्य आहे. इंग्रजीत ‘इज’वाचून ते लंगडे पडते. उलट ‘मी सहमत आहे’ या वाक्यावरून मुले ‘आय ॲम ॲग्री’ असे लिहितात. ‘सहमत’ हे विशेषण असल्याने त्यास ‘आहे’ लागते. ‘ॲग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्याने ‘आय ॲग्री’ एवढेच पुरे.

शेवटी एक गोष्ट व्याकरणाच्या थोडी पलीकडची. मराठीत आपण ‘मला राग आला’ असे म्हणतो; राग येतो तसा जातोही. इंग्रजीत ‘आय ॲम ॲंग्री’ म्हणताना रागाचे विशेषण माणसालाच जोडले जाते. ही केवळ बोलण्याची रीत. तीवरून कोणा लोकांचा स्वभाव ठरवू नये. परंतु सांधणाऱ्या क्रियापदात केवढी शक्ती असते, हे तीवरून कळते. ‘तू गणित चुकलास’ या वाक्यात एक क्रिया आहे. ती घडली आणि संपली. ‘तू ढ आहेस’ या वाक्यात क्रिया मुळीच नाही. तेथे मूल आणि तो शब्द एकत्र सांधले जातात आणि सांधा एकदा बसला की उकलणे अवघड. अभ्यासाला बसवितानाच हे वाक्य किती घरांत उच्चारले जाते! चूक दाखवावयाची तर क्रियेचे क्रियापद योजावे आणि ‘आहेस’ हे क्रियापद ‘तू मेहनती आहेस’, ‘तू आमचा आहेस’ अशा वाक्यांसाठी राखून ठेवावे. हा धडा आईबापांनी आधी गिरवावा, मुलांचा त्यानंतर.