विलंब कचेरीचा, भुर्दंड जनतेला

पेटंट हा शोधकर्ता आणि समाज यांच्यातील एक सौदा आहे. शोधकर्त्याने आपली युक्ती लपवून न ठेवता जगापुढे लेखी मांडावी आणि त्या मोबदल्यात समाजाने ठरावीक वर्षे तिचा मक्ता त्याच्याकडे राहू द्यावा, असा हा सौदा होय. मुदत सरली की शोध सर्वांचा होतो. या सौद्यात ‘ठरावीक’ हा शब्द कळीचा आहे. सरकारी कचेरीने अर्ज तपासण्यात दिरंगाई केल्यास तेवढे दिवस मक्त्याच्या मुदतीत वाढवून द्यावेत, हा विचार आज अनेक देशांच्या कायद्यांत शिरला आहे. वरवर न्याय्य दिसणारा हा विचार त्या कळीच्या शब्दालाच सुरुंग लावतो. म्हणून त्याची छाननी व्हावयास हवी.

या विचाराचे ठळक उदाहरण अमेरिकेचे. तेथे १९९५ पर्यंत पेटंटची मुदत मंजुरीच्या तारखेपासून १७ वर्षे असे. अर्ज कचेरीत कितीही रेंगाळला तरी मक्त्याचा काळ घटत नसे. उलट काही धूर्त अर्जदार आपला अर्ज मुद्दाम लांबवीत आणि त्याच कल्पनेवर इतरांचे उद्योग उभे राहिले की पेटंट बाहेर काढून खंडणी मागावी तसे स्वामित्वशुल्क मागत. जागतिक व्यापार कराराला अनुसरून जून १९९५ पासून मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे झाली. हा धूर्तपणा त्यामुळे बराचसा थांबला. परंतु कचेरीत गेलेला प्रत्येक दिवस आता पेटंटच्या आयुष्यातून वजा होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून तेथील संसदेने १९९९ साली कायदा केला.

या कायद्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अर्ज आल्यापासून १४ महिन्यांत परीक्षकाने पहिला अभिप्राय दिला पाहिजे. अर्जदाराच्या उत्तरावर ४ महिन्यांत पुढील निर्णय दिला पाहिजे. आणि एकंदर ३ वर्षांत पेटंट हाती पडले पाहिजे. यांपैकी जी मर्यादा ओलांडली जाईल तिच्या प्रत्येक दिवसामागे पेटंटला एक दिवस वाढवून मिळतो. अर्जदाराने उत्तर देण्यास ३ महिन्यांहून अधिक वेळ लावला, तर तेवढे दिवस या वाढीतून वजा होतात. पहिला अभिप्राय २६ व्या महिन्यात आला आणि पेटंट पाचव्या वर्षाअखेर मिळाले, असे समजा. पहिल्या टप्प्यातील उशीर एक वर्षाचा आणि एकंदरीतला दोन वर्षांचा. कचेरी यांपैकी मोठा आकडाच धरीत असे. २०१० साली वाएथ या औषध कंपनीच्या दाव्यात अपील न्यायालयाने ठरविले, की दोन्ही उशीर वेगवेगळ्या दिवशी घडले असतील तर त्यांची बेरीज झाली पाहिजे. म्हणजे दोन नव्हे, तीन वर्षे! चांगल्या खपाच्या औषधाच्या बाबतीत या एका वर्षाची किंमत काय होते, हे सांगावयास नको.

अर्जदाराची तक्रार खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. विशेषतः एकट्यादुकट्या शोधकर्त्याला पेटंट हाती पडेपर्यंत भांडवल मिळत नाही आणि नक्कल करणाऱ्यावर दावाही लावता येत नाही. प्रश्न आहे तो भरपाई कोणाच्या खिशातून द्यायची, हा. दिरंगाई केली कचेरीने. परंतु मुदत वाढली की महाग दराने औषध विकत घेतो तो रुग्ण, आणि ज्याचा कारखाना थांबून राहतो तो स्पर्धक. कचेरीला त्याची झळ लागत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. ज्याला शिक्षा होत नाही तो सुधारत नाही, हा साधा अनुभव येथेही लागू आहे.

ब्राझीलने हा अनुभव पुरेपूर घेतला. तेथील १९९६ च्या कायद्याने मुदत अर्जापासून २० वर्षे ठेवली. पण मंजुरीनंतर किमान १० वर्षे तरी मक्ता मिळालाच पाहिजे, अशी पुस्तीही जोडली. कचेरीत अर्जांचे ढीग साचले आणि मक्त्याची अखेर केव्हा होणार हे आधी सांगणे अशक्य होऊन बसले. अखेर मे २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली, आणि औषधे व आरोग्यसाधने यांच्या बाबतीत आधी मिळालेली वाढही रद्द केली. उलट कॅनडाला अमेरिका व मेक्सिको यांच्याबरोबरच्या व्यापार करारामुळे १ जानेवारी २०२५ पासून अशी मुदतवाढ लागू करावी लागली. ही तरतूद व्यापाराच्या वाटाघाटींतून एखाद्या देशाच्या कायद्यात कशी उतरते, याचे हे उदाहरण.

भारताचा कायदा आजवर या वाटेला गेलेला नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन मुदत अर्जापासून २० वर्षे झाली. त्यात विलंबाबद्दल वाढ नाही. जागतिक व्यापार करारही तशी सक्ती करीत नाही. मुदतीची अवाजवी छाटणी होऊ नये म्हणून वाजवी काळात निर्णय द्या, एवढेच तो सांगतो. शिवाय आपल्याकडे अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासूनचे हक्क, पेटंट मंजूर झाल्यावर, अर्जदाराला मिळतात. दावा मात्र मंजुरीनंतरच लावता येतो. आणि विलंब नेहमी कचेरीचाच असतो असेही नाही. परीक्षणाची विनंती करण्यासच अर्जदाराला ४८ महिने मिळत. मार्च २०२४ मध्ये ते ३१ वर आणले गेले.

आणखी एक धोका आहे. आपल्या कायद्याने मंजुरीपूर्वी कोणाही नागरिकाला हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. क्षयावरील बेडाक्विलिन औषधाचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपले. त्याच औषधाच्या क्षाराबद्दलचा दुसरा अर्ज मंजूर झाला असता तर मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता. क्षयातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हरकतीनंतर मार्च २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. अशा हरकतींच्या सुनावणीला वेळ लागतोच. हरकत निष्फळ ठरल्यावर तो वेळही विलंब म्हणून मुदतीत मिळवायचा ठरला, तर नागरिकांच्या जागरूकतेवरच दंड बसेल.

मग करावयाचे काय? पुरेसे आणि जाणकार परीक्षक नेमावेत. प्रत्येक टप्प्याला मुदत घालावी आणि ती चुकल्यास अर्जदाराचे शुल्क परत करावे. म्हणजे झळ कचेरीलाच लागेल. नवउद्योग, महिला व लहान उद्योजक यांच्यासाठी असलेली शीघ्र परीक्षणाची सोय अधिक व्यापक करावी. हे सारे खर्चाचे आहे, हे मान्य. परंतु तो खर्च अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर लोकसभेत प्रश्न विचारता येतो. मुदतवाढीचा खर्च मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. औषधाच्या दुकानात एकेका रुग्णाकडून, पावतीवर उल्लेख न होता, तो वसूल होतो. व्यापार करारावर सही करण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींनी हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.