ॲप करण्यापूर्वी शेतकऱ्यास विचारावे कसे?

शेतीच्या कामासाठी मोबाईलवरील आज्ञावल्या, ज्यांस आपण सर्वजण ॲप म्हणतो, त्या आता दरसाल नव्या निघत आहेत. त्या करणारी मंडळी हुशार असतात यात शंका नाही. परंतु शेतकऱ्यास नेमके काय हवे आहे हे ती कोणत्या रीतीने शोधून काढतात, याचा विचार वाचकांपैकी थोड्यांनीच केला असेल. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली एका निबंधात असे प्रतिपादिले की, आज्ञावली रचण्याच्या कामी सर्वांत अवघड भाग म्हणजे काय रचावयाचे हे नेमके ठरविणे होय. महसुली दप्तरात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास हे म्हणणे चटकन पटते.

दाखला जुनाच आहे. पुणे जिल्ह्यात प्रिंगल साहेबाने १८३० च्या सुमारास जी जमाबंदी अमलात आणली, तिचा पाया म्हणजे जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढण्याचे लांबलचक हिशेब. हिशेब कागदावर नीटनेटके, परंतु त्यांच्या आधाराची माहितीच भरवशाची नव्हती. ती जमाबंदी टिकली नाही. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात ते काम नव्याने हाती घेतले, तेव्हा जमिनीची प्रत व खोली पाहून तिचा वर्ग ठरविण्याची सुटसुटीत रीत धरली, आणि १८३६ साली तेथे नवी जमाबंदी लागू झाली.

आता आजची गोष्ट. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. जे तलाठी नोंदवीत असे, ते शेतकऱ्याने स्वतः आपल्या शेतातून छायाचित्रासह नोंदवावे असे ठरले. हेतू उत्तम होता, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण सातबाऱ्यावर पीक चुकीचे लागले किंवा लागलेच नाही, तर विमा, पीककर्ज व हमीभावाची खरेदी या तिन्ही ठिकाणी खातेदार अडतो. तेव्हा येथील चूक लहान नव्हे. गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाखालील क्षेत्र, त्यातील घटक पिके आणि निर्भेळ पीक यांचे रकाने पूर्वीपासून निरनिराळे आहेत, कारण कपाशीत तुरीच्या ओळी असतात आणि बांधाकडेला आणखी काही. २०२२ साली ॲपची दुसरी आवृत्ती आली, तीत मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदविण्याची व ४८ तासांच्या आत आपली नोंद आपणच दुरुस्त करण्याची सोय झाली. चांगलेच झाले. तथापि बांधावर दोन दिवस बसणाऱ्यास या दोन्ही गरजा पहिल्याच हंगामापूर्वी कळण्यासारख्या होत्या, असे माझे मत आहे.

मग विचारावे कसे? "तुम्हांस काय हवे?" हा प्रश्न सर्वांत निरुपयोगी. त्यास शेतकरी एक तर "भाव हवा" म्हणेल, नाही तर समोरच्या साहेबास रुचेल ते बोलेल. त्यापेक्षा "गेल्या खरिपात पेरणीपासून पट्टी हाती येईपर्यंत काय काय केले, कोठे अडले?" असे विचारावे, म्हणजे माणूस आठवून खरे सांगतो. त्याहून उत्तम म्हणजे न बोलता पाहणे: चिखलाच्या हातांनी मोबाईल कसा धरला जातो, उन्हात अक्षर दिसते काय, अर्ज अखेर घरातील कोणाकडून भरविला जातो. त्याच्या पिशवीतील पावत्या, आडत्याच्या पट्ट्या, वहीतील खुणा मागून घ्याव्यात. नमुन्यात सर्वांत बोलका असतो तो शेऱ्याचा रकाना. जे कोठे बसत नाही ते कारकून तेथे लिहितो.

चावडीवरच्या सभेवर फार विसंबू नये. तेथे चार मातब्बर बोलतात. निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रिया आणि बटाईने कसणारा मागे उभे राहतात, किंवा येतच नाहीत. त्यांच्याकडे निराळे जावे. छापील प्रश्नावलीने किती जणांची अडचण आहे ते कळते, का आहे ते कळत नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यासच ठाऊक नसते की काय हवे. हे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच पडद्याचे चित्र साध्या कागदावर काढून त्याच्या हाती द्यावे व येथे बोट ठेवल्यास काय होईल असे वाटते ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. कागद फाडून दुसरा काढण्यास खर्च नाही. तयार झालेले ॲप फिरविण्यास पुष्कळ आहे. शेवटी जे लिहून घेतले ते पंचनाम्याप्रमाणे वाचून दाखवावे, आणि बरोबर असल्याचे मान्य झाल्यावरच सही घ्यावी.

आपल्या सभासदांसाठी कोणी असे ॲप करून देऊ म्हणाला, तर संस्थेने एक अट घालावी: करणाऱ्याने आषाढात एकदा आणि कार्तिकात एकदा गावी मुक्काम करावा. पेरणीच्या घाईत जे विचारावयाचे ते मळणीच्या वेळी सुचत नाही, आणि मळणीची अडचण पेरणीत कोणास आठवत नाही.