‘मूळ’ म्हणजे कोणते?

जुन्या एमजीबीच्या स्प्रिंगा बदलायला काढल्या, की ‘मूळच्याच बसवा’ असा सल्ला हमखास मिळतो. आमचा प्रश्न एवढाच, की मूळ म्हणजे कोणते? १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे घडलेल्या या गाडीलाही पाठभेद आहेत. १९७४ मध्ये अमेरिकी नियमांपायी तिला रबरी बंपर आले, उंची सुमारे इंचभर वाढली आणि वळणावरचा तिचा तोल बिघडला. हा पाठही कारखान्याचाच. पण तो सक्तीने स्वीकारलेला.

म्हणून आम्ही आधीच्या उंचीचा पक्ष घेतो. कडक स्प्रिंगांचा मात्र नाही. स्प्रिंग धक्का झेलते, शॉक ॲब्सॉर्बर तिचे हेलकावे शमवतो. स्प्रिंग ताठ आणि शॉक ॲब्सॉर्बर थकलेला, अशी जोडी जमवली तर गाडी खडबडीत रस्त्यावर उसळतच राहते. निवड दोहोंची एकत्रच व्हावी. शिवाय एमजीबीत पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचा दांडाच चाकाला वरून धरून ठेवतो. तेथे आधुनिक नळीचा शॉक ॲब्सॉर्बर घालायचा, तर सारी रचनाच बदलावी लागते. त्यापेक्षा जुनाच नीट दुरुस्त करून घ्यावा. पाठ निवडण्याचा अधिकार संपादकाला जरूर आहे. नवा पाठ रचण्याचा नाही, असे आम्हांस वाटते.